ऋण अडतीस

लाल पाण्याचा ग्लास वर गेला आणि अमडापूरच्या बाजाराच्या मैदानात हजारभर माणसं गप्प झाली.

एका म्हातारीच्या डोक्यावरून मुठीतलं मीठ तीनदा ओवाळलं गेलं. मूठ ग्लासावर उघडली. कुंकवासारखं लाल पाणी बघता बघता जांभळं झालं, मग काळपट निळं.

"उतरलं!" सुवर्णनाथ महाराज माइकवर गरजले. "मायबापहो, हे पितरांचं ऋण! अडतीस पिढ्यांचं! मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतं! दीड कोटीची मशीन म्हणते! लाल पाणी सोन्याचं, ते पोटात घ्या. निळं पाणी ऋणाचं, ते मातीत ओता!"

टाळ्या. शिट्ट्या. महाराजांच्या पाठीमागे दरवाजाएवढं फ्लेक्स:

नमुना : सुवर्णजल
कणांचा सरासरी आकार : १८ नॅनोमीटर
कणांवरचा विद्युतभार : ऋण ३८ मिलिव्होल्ट
तपासनीस : (सही)

गर्दीच्या मागच्या टोकाला, खांद्यावर पिशवी, पायांत बसची धूळ, पुष्पांजली उभी होती. सही तिची होती.

जालन्याला फवारणीची औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. औषधातले कण किती बारीक आहेत, ते पाण्यात तरंगत राहतील की तळाशी बसतील, हे मशीनवर पाहायचं. महिन्यापूर्वी बाहेरून एक लाल नमुना आला. सौंदर्यप्रसाधनाचा कच्चा माल, असं चिठ्ठीवर होतं. तिनं मोजला, सही केली, विसरली. तिच्या कागदावर अडतीसच्या आधी फक्त वजाबाकीची एक आडवी रेघ होती. ती पुसून कोणीतरी तिथे ठळक तांबड्या अक्षरांत "ऋण" लिहिलं होतं.

दुपारी आईचा, झुंबरबाईचा, फोन आला होता. "गजूनं पोरीची सुई कालपासून बंद केली वं. तू ये."

सुई म्हणजे इन्सुलिन. पोरगी म्हणजे छकुली, गजेंद्रची, पुष्पांजलीच्या थोरल्या भावाची, नऊ वर्षांची. सुईशिवाय तिचा एकही दिवस जात नव्हता. आता दीड दिवस गेला होता.

⸻

गजेंद्र पहिल्या रांगेत बसला होता. छकुली त्याच्या मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. श्वास असा, की आत्ताच शेताच्या कडेपर्यंत धावून आली असावी. ती तर सकाळपासून जागची हलली नव्हती.

"दादा, ऊठ. दवाखान्यात चाल."

"सातवा नंबर हाये आपला. पाचवा झाला आता."

"सुई काऊन बंद केली?"

"महाराज म्हनले, अंगात सुई गेली का सोनं रुसते." त्यानं फ्लेक्सकडे बोट केलं. "अन् मले काय विचारून राह्यली तू? सही कोनाची हाये तिथं? मी अडानी असन, माही बहीण त नाही ना? तुह्या सहीवर आनली म्या पोरगी."

पुष्पांजली छकुलीसमोर गुडघ्यांवर बसली.

"वकली दोनदा, पानीबी ठरत नाही पोटात," मागे बसलेली झुंबरबाई हळूच म्हणाली. तिनं पिशवीतून साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं. पुष्पांजलीनं मुलीच्या बोटाला टोचलं. यंत्रावर आकडा उमटलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली: एच, आय.

शेजारी बसलेल्या उकंडरावांनी चष्मा सारून वाचलं. "हाय म्हन्ते मशीन. बोलते काय वं पोरीसंगं?"

"काका, साखर इतकी वाढली का तिले मोजता नाही येऊन राह्यली."

"पन वास घे ना तोंडाचा," गजेंद्र म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता, आणि तेच भयंकर होतं. "पिकल्या फळावानी. महाराज म्हनले, सोनं अंगात मुरलं का असा सुगंध सुटते."

पुष्पांजली वाकली. हा वास तिला रोज संध्याकाळी यायचा. काचेची भांडी ज्यानं धुतात, बाया नखांचा रंग ज्यानं पुसतात, त्या ॲसिटोनचा.

नमुना : छकुली, वय ९
वास : ॲसिटोन
साखर : मोजणीच्या बाहेर
शिल्लक वेळ :

ही शेवटची ओळ तिला भरता येईना.

मुलीला ओढून न्यावं, तर गजेंद्रची मिठी सुटणार नव्हती आणि मंडपाच्या दोन्ही तोंडांना पिवळ्या पट्ट्यांचे सेवेकरी उभे होते. भावाला उठवायचं तर त्याच्या डोळ्यांसमोरून तो कागद हटवायला हवा होता. आणि तो हटवणं तिलाच शक्य होतं.

ती उभी राहिली.

"महाराज! त्या कागदावरची सही माझी आहे!"

⸻

"या! या ताई या!" महाराजांना आकाश ठेंगणं झालं. "मायबापहो, विज्ञान स्वतः चालत आलं! ताई, सांगा सगळ्यांना, ऋण आहे की नाही?"

"आहे," पुष्पांजली माइकवर म्हणाली. टाळ्या पडल्या. "पण माझ्या भाचीचं ऋण मी उतरवणार. मी तिची आत्या."

आत्याला नाही कोण म्हणणार? बायाबापड्यांनी माना डोलावल्या. महाराज हसले, आणि लाल पाण्याचा भरलेला ग्लास पुढे आला.

पुष्पांजलीनं मिठाची परात सोडून प्रसादाच्या वाटीतली साखर उचलली. खाली उतरून छकुलीवरून तीनदा ओवाळली. वर आली, ग्लासात टाकली, चमच्यानं ढवळली.

पाणी लालच राहिलं.

"ताई, साखर नाही, मीठ!" महाराजांचा आवाज गोड होता. "साखरेत ऋण उतरत नाही. मीठ म्हणजे—"

"बरं, मीठ." तिनं मूठ भरली. मंडपाच्या खांबाभोवती तीनदा ओवाळली आणि दुसऱ्या लाल ग्लासावर उघडली.

जांभळं. निळं.

पुढच्या रांगा माना उंचावून ग्लासाकडे बघू लागल्या.

"आँ?" उकंडराव उठून उभे राहिले. त्यांचं ऋण सकाळीच उतरलं होतं. "या खांबाचा बाप कोन बे?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"वस्तूलाही पूर्वज असतात!" महाराज सावरले. "हा खांब ज्या झाडाचा—"

"लोखंडाचा पाइप हाये, महाराज!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

आता हशा मोठा होता. सेवेकरी धावले. पुष्पांजली माइक घट्ट धरून घाईघाईनं बोलू लागली.

"ऐका. हे सोनंच आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. एक ग्रॅममध्ये वीस लिटर पाणी लाल होतं. प्रत्येक कणावर सारखाच विद्युतभार आहे, म्हणून ते एकमेकांना ढकलतात, दूर राहतात. दूर असतात तोवर पाणी लाल. तो भार उणे आहे. उणे! गणितात उण्याला ऋण म्हणतात. तुमच्या आजोबा-पणजोबांचा काही संबंध नाही. मीठ टाकलं की—"

माइक बंद.

ती ओरडू लागली. पुढच्या चार रांगांना तरी ऐकू जात होतं. "मीठ पाण्यात फुटतं! त्याचे तुकडे भारित असतात, ते कणांवरचा भार झाकून टाकतात! कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, रंग निळा होतो! साखरेच्या कणांवर भार नसतो, म्हणून काही होत नाही! कोणावरून ओवाळा, नका ओवाळू!"

एका सेवेकऱ्यानं तिचा दंड धरला. "खाली उतरा बाई."

"दादा! तू टाक! तुह्या हातानं टाक!"

गजेंद्र मांडीवरच्या मुलीसकट वर पाहत होता. त्यानं छकुलीला झुंबरबाईच्या कुशीत दिलं आणि मंचावर चढला. सेवेकरी आडवा आला, तसे उकंडराव खालून गरजले, "नंबर हाये त्याचा! येऊ दे!"

गजेंद्रनं मीठ घेतलं. कोणावरून ओवाळलं नाही. साखर टाकूनही लाल राहिलेल्या ग्लासात सरळ सोडलं. मग तो पाण्याकडे बघत राहिला. ते जांभळं होईपर्यंत बघत राहिला.

"सुगंध?" त्यानं विचारलं.

"इन्सुलिन नसलं का अंग साखर जाळू शकत नाही, दादा. चरबी जाळते. त्याचा धूर समज. रक्तात आम्ल होऊन राह्यलं तिच्या. तुही पोरगी मरून राह्यली."

तो मंचावरून उडी मारून खाली आला. त्यानं छकुलीला उचललं, आणि गर्दीनं सेवेकऱ्यांना सारून वाट करून दिली.

⸻

उकंडरावांच्या जीपनं चिखलीचा दवाखाना गाठला. रस्ता अर्ध्या तासाचा होता, त्यांनी किती मिनिटांत कापला ते कोणी पाहिलं नाही. मागे झुंबरबाई "छकुले, झोपू नको, झोपू नको" म्हणत राहिली.

सलाईन. इन्सुलिन. दर तासाला रक्त. डॉक्टरीण बाईंनी रात्री इतकंच सांगितलं, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर मी तुमच्याशी बोलायला बाहेर वेगळ्या तोंडानं आले असते."

सकाळी छकुलीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

"सुई कोणी बंद केली होती?" बाईंनी कागद पुढे ओढत विचारलं.

झुंबरबाई लगबगीनं बोलू लागली, "तो महाराज, बाई, त्यानं—"

"म्या," गजेंद्र म्हणाला. "महाराजानं सांगतलं. बंद म्या केली."

पुष्पांजली भिंतीला टेकून उभी होती. गेल्या महिन्यात मशीननं जे सांगितलं ते खरंच होतं. कण अठरा नॅनोमीटरचे होते, भार उणे अडतीस होता. पण मशीनला कोणी विचारलंच नव्हतं, की यानं आजार बरा होतो का? जे विचारलं नाही, त्याचं उत्तर कागदावर नसतं. कागद कितीही मोठा छापला तरी नसतं. तो कारखान्याबाहेर कुठे जाईल, हे तिनंही विचारलं नव्हतं. आज जालन्याला गेल्यावर मालकाला आधी हेच सांगायचं, आणि मग पोलिसांत लेखी द्यायचं, असं तिनं ठरवलं.

गजेंद्र व्हरांड्यात गेला. गल्लीतली चार घरं त्यानंच मंडपात नेली होती. त्यानं फोन लावला.

"बनाबाई मावशी, मी गजू. पोरगी बरी हाये... हाव. ऐक, तुही बीपीची गोळी... बंद केली ना? चालू कर. आत्ता. ... नाही नाही, महाराजाले नको विचारू. तो बरा करते का नाही, हे कोनी पाह्यलंच नाही मावशी, फक्त पानी निळं झालेलं पाह्यलं. जो औषध बंद कर म्हनन, त्याचं आयकूच नको. डॉक्टरले विचार, दहादा विचार, तो चिडत नाही. ... डबा कुठं हाये? फळीवर? घे मग."

तो कठड्यावर बसला. फोन कानालाच होता.

"घे ना तू. मी थांबतो लाइनवर."