पाटाची होडी

मुरुडच्या दक्षिणेस दोन डोंगरांच्या बेचक्यातून एक लहानशी खाडी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा एक आडवा बांध आहे. तेथील कोळीवाडीत त्यास ‘उंबरा’ म्हणत. कारण घराचा उंबरा ओलांडल्यावाचून जसे बाहेर जाता येत नाही व आतही येता येत नाही, तसेच या उंबऱ्याचे होते. फरक एवढाच की घराचा उंबरा निजलेला असतो आणि हा उंबरा जागा असे.

त्या वाडीत चांगदेव नावाचा होडी बांधणारा राहत होता. तो जातीने कोळीच. तथापि त्याच्या हातास जाळ्यापेक्षा लाकूड तासण्याचा वाकस अधिक शोभे. तीस वर्षांत त्याने बावीस होड्या बांधल्या, आणि त्या सर्व एकाच वळणाच्या होत्या. पुढे नाळ निमुळती आणि पाठही तशीच निमुळती. वरून पाहिले असता जणू भाताचा दाणाच. कागदावर आकृती काढणे त्यास ठाऊक नव्हते. त्याच्यापाशी वडिलांनी ठेवलेली काथ्याची एक दोरी होती व तीस अकरा गाठी होत्या. पहिल्या गाठीशी नाळ, सहाव्या गाठीशी होडीचे पोट, आणि आठवीपासून अकरावीपर्यंत पाठ कशी आवळीत न्यावी, हे त्या गाठीच सांगत.

सन एकोणीसशे तेहतीसच्या उन्हाळ्यात त्याचा जावई सदा नवी होडी मागण्यास आला. सदाने मुंबईस भाऊच्या धक्क्यावर दोन हंगाम काढले होते आणि तेथे मागून सपाट असलेल्या होड्या पाहिल्या होत्या. तेव्हापासून वाडीतील एकही होडी त्याच्या मनास येईना.

"मामा, ही मागची निमुळती जागा काय कामाची? तिथं मांजर बसलं तरी त्येची शेपटी पान्यात ऱ्हाते," सदा म्हणाला. "मागं सरळ फळी ठोक. जाळं मागं ऱ्हाईल, मासा मधी ऱ्हाईल, नि आमी तिघं एकमेकांच्या मांडीवर बसनार न्हाय."

"माज्या बावीस होड्यांत कोन कोनाच्या मांडीवर बसलं?"

"कान्हा बसतो की. इचार त्येला."

कान्हा हा सदाचा जाळ्यावरचा सोबती. तो दारातच उभा होता. त्याने गंभीरपणे मान हलविली. "बसतो. पन सदाची मांडी लई हाडकुळी हाय."

चांगदेवाची कन्या व सदाची बायको रतन चुलीपाशी होती, ती हसली. चांगदेवास नकार देता आला असता. परंतु नकार दिल्यास ‘याला दुसरी होडी बांधता येत नाही’ असा अर्थ निघेल, ही शंका त्याच्या मनास डसली. ज्याच्या हाती कौशल्य असते, त्याच्या मनात अहंकार पाहुण्यासारखा येतो आणि घरधन्यासारखा राहतो. त्याने होकार दिला.

होडी बांधताना त्याने नेहमीप्रमाणे दोरी लावली. सातव्या गाठीपर्यंत सर्व यथास्थित चालले. आठव्या गाठीशी त्याने रुंदी आवळली नाही. तेथेच सागाची जाड फळी उभी बसविली व सांध्यांत कापूस ठासून राळ ओतली. दोरीच्या तीन गाठी त्याच्या मुठीतून खाली लोंबत राहिल्या. त्या गाठींचे आता काय करावे, हे वडिलांनी सांगितले नव्हते. त्याने दोरी गुंडाळून कमरेस खोवली.

फळी बसली त्या सायंकाळी भिकू पाहावयास आला. भिकू हा चांगदेवाच्या बरोबरीचा. चांगदेवाने बांधलेली सर्वांत जुनी निमुळती होडी तोच हाकीत असे. त्याने नव्या होडीस एक प्रदक्षिणा घातली आणि मागच्या फळीवर थाप मारली.

"चांगदेवा, हिचं बूड कुनी कापलं?"

"कापलं न्हाय. रुंद ठेवलं."

"बरं हाय. आमच्या घरी जेवायला पाट कमी पडलं तर हिला आनू."

त्या दिवसापासून वाडीत तिचे नाव ‘पाटाची’ असेच पडले.

नारळी पौर्णिमेस नव्या होडीचे पहिले जाणे झाले. त्या वाडीची एक जुनी रीत होती. नवी होडी पहाटेच्या ओसरल्या पाण्यात बाहेर न्यावयाची आणि दुपारपूर्वी चढत्या भरतीबरोबर घरी आणावयाची. लक्ष्मी घरात येते ती भरल्या पाण्याने, अशी त्यामागची श्रद्धा. त्याप्रमाणे दोन्ही होड्या, भिकूची निमुळती व सदाची पाटाची, नारळ वाहून बरोबरच निघाल्या. सर्व वाडी तीरावर उभी होती, आणि तुलनेस आरंभ झाला.

वास्तविक पाटाची होडी सर्व बाबतींत सरस ठरली. जाळे ओढताना भिकूची होडी एका अंगास कलली. पाटाची रुंद पाठीमुळे ओट्यासारखी स्थिर राहिली. शीड भरताच निमुळतीची पाठ पाण्यात बसे. पाटाची बसली नाही, उलट वाऱ्याबरोबर हलकी होऊन धावली. उंबऱ्यावरून ती भिकूच्या कितीतरी पुढे आत आली. सदाच्या पायास पाणीही लागले नव्हते. शेजारच्या वाडीतील येसाजीने तेथल्या तेथे आपणासही तशीच होडी हवी म्हणून सांगून टाकले. चांगदेवाने खांद्यावरचे उपरणे उगाच दोनदा झटकले.

भिकू मागाहून तीरास लागला. त्यास लोकांनी विचारले, "काय भिकूमामा, कशी वाटली?"

भिकू आपले शीड गुंडाळीत म्हणाला, "भरतीला आत आलेली होडी म्हंजे म्हायेरी आलेली लेक. गुनाचीच दिसनार. नांदते कशी, ते ओहोटीला कळंल."

लोक हसले. चांगदेव हसला नाही. "हरलास म्हनून बोलतोस," तो म्हणाला.

"व्हय, हरलो," भिकू म्हणाला आणि घरी गेला.

पुढे आठ दिवस दर्या खवळलेला होता. त्यानंतर अष्टमी आली. ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांच्याकरिता सांगणे अवश्य आहे की भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या सुमारास दुपारनंतर पाणी चढते असते. म्हणून पाटाची त्या दिवसांत रोज बाहेर गेली आणि रोज भरतीवरच परत आली. दशमीस सदाचे जाळे खडकावर फाटले व पुढील तीन दिवस ते शिवण्यात गेले. त्या दिवसांत दुपारचे पाणी हळूहळू चढावयाचे थांबले आणि उतरू लागले. पाटाच्या होडीने आत येताना ओहोटीतला उंबरा अद्याप ओलांडलाच नव्हता. तीरावर बसून जाळे शिवणाऱ्यांपैकी कोणाच्याही हे ध्यानी आले नाही.

चांगदेवाच्या मनात मात्र भिकूचे वाक्य माशाच्या काट्याप्रमाणे अडकले होते. अखेर त्याने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या दोन वीतभर होड्या कोरल्या. एक निमुळती आणि दुसरी पाटाची. त्यांत खडे भरून त्रयोदशीच्या दुपारी तो एकटाच खाडीच्या मुखाशी गेला. ओहोटी लागली होती. एक बारीक प्रवाह वाळू कापून समुद्राकडे धावत होता व समोरून येणाऱ्या लहान लाटा त्यास भिडून उभ्या राहत होत्या. उंबऱ्यावर जे मोठ्या प्रमाणात घडते तेच येथे वीतभर पाण्यात घडत होते.

त्याने गुडघाभर पाण्यात उभे राहून निमुळती सोडली. लाट मागून आली, तिच्या पाठीशी दुभंगली आणि दोन्ही अंगांनी पुढे निघून गेली. होडी किंचित डोलली व आत आली.

मग त्याने पाटाची सोडली. लाट मागून आली आणि तिला दुभंगण्यास वाट मिळाली नाही. तिने सपाट फळीस तळहात लावावा तसे उचलले. नाळ पाण्यात रुतली, पाठ बाजूस फिरली आणि होडी आडवी झाली. दुसऱ्या लाटेने ती पालथी केली.

त्याने सात वेळा सोडली. पाच वेळा ती पालथी झाली. सहाव्या खेपेस ती त्याच्या हातून किंचित तिरकी सुटली, म्हणून ती खेप त्याने मोजू नये असे ठरविले, आणि मग मोजली.

दिवेलागणीस तो सदाच्या घरी गेला. अंगणात सदा व कान्हा शिवलेल्या जाळ्याची घडी घालीत होते. चांगदेवाच्या हातात त्या दोन छोट्या होड्या होत्या. कान्ह्याने त्या पाहिल्या.

"मामा खेळनी करतोय. सदा, रतनकडं काय नवी खबर हाय का?"

रतन आत पळाली. सदा हसत म्हणाला, "बस मामा. उद्या लवकर निघनार. येसाजीबी बघाया येनार हाय आपली पाटाची."

चांगदेव बसला. सांगावयाचे ते त्याच्या ओठांपर्यंत आले होते. परंतु ज्या होडीची वाखाणणी चार गावी पसरली तीस मी खेळण्यांवरून दोष कसा देऊ, आणि तोही या टवाळ कान्ह्यासमोर, असे त्यास वाटले. सकाळी सदास एकट्याला गाठून सांगू, असा विचार त्याने केला. त्याने पेजेची वाटी प्याली, होड्या उपरण्याखाली झाकल्या व तो उठला.

चतुर्दशीच्या पहाटे तो तीराकडे निघाला तेव्हा पूर्वेस नुकतेच फटफटले होते. भिकूची होडी आधीच बाहेर गेली होती आणि पाटाची पाण्यात होती. ती तीरापासून वीसेक हात गेली होती. सदा सुकाणू धरून पाठमोरा बसला होता आणि कान्हा व त्यांचा तिसरा गडी रंगू वल्ही मारीत होते. रतन ओल्या वाळूत उभी होती. वीस हात म्हणजे काय? हाक सहज पोहोचली असती. चांगदेवाने छातीत श्वास भरला.

रतनने त्याचा हात धरला.

"बा, मागनं हाक नको मारूस."

दर्यावर निघालेल्यास मागून हाक मारू नये, हे त्या वाडीत दूधपित्या मुलासही ठाऊक होते. चांगदेवाने हे आयुष्यभर पाळले होते. त्याने तोंड उघडले होते, ते मिटले. होडी उंबऱ्यावरून सुखरूप बाहेर गेली; कारण जाताना लाट नाळेवर येते आणि पाटाच्या होडीची नाळ निर्दोष होती.

"काय सांगायचं हुतं?" रतनने विचारले.

"आल्यावर सांगीन," तो म्हणाला.

दुपारी वारा नैऋत्येकडून वाढला. ओहोटीस तीन तास झाले, तेव्हा उंबऱ्यावर पांढरी रेघ उमटली व पाहता पाहता ती रेघ भिंतीसारखी उभी राहू लागली. चांगदेव जेवला नव्हता. तो मुखाशी जाऊन उभा राहिला. येसाजी त्याच्या शेजारी उभा राहून नव्या होडीस लाकूड कोणते घ्यावे असे विचारीत होता. चांगदेव लाटा मोजीत होता.

चारच्या सुमारास दोन शिडे दिसली. पुढे भिकू होता. उंबऱ्याशी लाटेने त्याची निमुळती पाठ उचलली, लाट दुभंगली, पाठ खाली बसली; पुन्हा उचलली गेली. भिकू भिजून चिंब झाला, परंतु आत आला. त्याच्या मागे पाटाची येत होती, वाऱ्यावर हलकी होऊन, सुंदर, वेगाने. भिकूची आली तर आपली का येणार नाही, हे सदाच्या मनात आले असणार. कोणाच्याही मनात आले असते.

चांगदेवाने खांद्यावरचे उपरणे हाती घेतले आणि तो थबकला. तीरावरून कापड हलविणे याचा त्या वाडीत एकच अर्थ होता: आता या, वाट मोकळी आहे. ‘येऊ नका’ अशी खूणच नव्हती. दर्यावरून घरी येणाऱ्यास ‘येऊ नको’ म्हणावे लागेल, असे पूर्वजांपैकी कोणास सुचलेच नव्हते. त्याने उपरणे मुठीत चुरगाळून पोटाशी धरले. नंतर तो ओरडला. सकाळी न मारलेली ती हाक आता त्याने मारली, परंतु वारा समोरून येत होता.

पहिली लाट पाटाच्या होडीखालून गेली. दुसरीने मागच्या फळीस तळहात लावला. नाळ रुतली, पाठ फिरली. सदा सुकाणूच्या दांड्यावर सर्व भार टाकून उभा राहिलेला चांगदेवाने स्पष्ट पाहिला. तिसरी लाट त्यांच्यावरून गेली तेव्हा तेथे शीड नव्हते.

भिकूने होडी तशीच वळविली व वल्ह्यांवर तो पुन्हा उंबऱ्याशी गेला. त्याने कान्ह्यास केसांना धरून वर घेतले. रंगू वल्ह्यास बिलगलेला सापडला. सदास त्याने अंधार पडेपर्यंत शोधले. दोनदा वाडीतील माणसांनी त्यास परत बोलाविले आणि दोनदा तो ऐकून न ऐकल्यासारखा पुढे गेला. सदा सापडला नाही.

तोवर ओहोटी सरून पाणी फिरले होते. भरती चढू लागली, तशी उंबऱ्याची भिंत खाली बसली आणि खाडी तेलासारखी शांत झाली. त्या शांत पाण्यावरून पाटाची होडी आपोआप आत आली. लाटांनी ती पुन्हा सुलटी केली होती आणि ती अर्धी पाण्याने भरलेली होती. परंतु तिची एकही फळी उकललेली नव्हती, एकाही सांध्यातला कापूस सुटला नव्हता. सरळ, संथ येऊन ती आपल्या नेहमीच्या जागी वाळूस लागली.

वाडीतील माणसे बाजूस झाली. भिकू खाली मान घालून बसला होता.

रतन पुढे आली. "बा," ती म्हणाली, "सकाळी काय सांगायचं हुतं?"

चांगदेवाचा हात कमरेशी गेला. दोरी तेथेच होती. त्याची बोटे खालच्या तीन गाठींवरून एकदा फिरली.

"ओहोटीला येऊ नको," तो म्हणाला. "भरतीची वाट बघ. येवढंच."

रतन वाकली, तिने होडीचा ओला दोर उचलला आणि खुंटास दोन वेढे दिले. कारण पाणी अद्याप चढत होते.