मगरीचं तोंड आजीकडे

मी मगर बोलतेय. घाबरू नका, दुधाच्या खोक्याची आहे.

सत्त्याण्णव साली, तोक्योतल्या एदोगावा भागातल्या एका चिमुकल्या फ्लॅटमध्ये स्वरूपानं रिकामा खोका धुतला, मधोमध कापला, हिरवा रंग फासला आणि मला जबडा मिळाला. काम एकच. दोन आकड्यांच्या मध्ये बसायचं आणि मोठ्याकडे तोंड उघडायचं. मगर हावरट, तिला मोठाच घास हवा!

माझी मालकीण राधिका, स्वरूपाची पहिलीतली लेक. तिचं ठाम मत होतं की नऊ सगळ्यात दांडगा. ३९ आणि ४१ मांडले की माझं तोंड खुशाल ३९ कडे. "यात नऊ आहे!" त्यात मराठीनं घोळ घातलेला. "मम्मी, एकोणचाळीस म्हणजे चाळीस आलेच ना त्यात?" जपानीत ती बिचारी 'तीन दहा नऊ' असं सरळ म्हणायची.

स्वरूपानं जेवणाच्या लाकडी काड्या आणल्या, रबर लावून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. "आधी जुड्या बघ. सुट्या नंतर." राधिका मान डोलवायची आणि मला पुन्हा चुकीचं खाऊ घालायची. मी अर्धपोटी.

मग साताऱ्याहून तिचे आजी-आजोबा आले, लीलावतीबाई आणि भानुदासराव. सुनेच्या हातचं महिनाभर खाऊन एका सकाळी आजोबा वजनकाट्यावर चढले. ५९. मागोमाग आजी. ६१. तिनं पदरानं आकडा झाकेपर्यंत राधिकानं वाचलाही होता.

"अहो, जड कोण?" आजीनं विचारलं. आवाजात जरब.

आजोबा मुरलेले संसारी. "मीच की! माझ्यात नऊ आहे."

स्वरूपानं कपाळावर हात मारला. एवढ्या दिवसांची शिकवणी पाण्यात!

राधिकानं मात्र काड्या मांडल्या. आजोबांच्या पाच जुड्या, नऊ सुट्या. आजीच्या सहा जुड्या, एक सुटी. बघत बसली. एकदम तिनं मला उचललं आणि गर्रकन आजीकडे वळवलं.

"आजी ओमोई! आजी जड!"

आयुष्यातला पहिला बरोबर घास, आणि तोही आजीचा!

"ही मगर आधी कचऱ्यात टाका," आजी कडाडली.

"आई," स्वरूपा म्हणाली, "इथे दुधाचा खोका कचऱ्यात नाही टाकत. धुऊन, उलगडून दुकानातल्या पुनर्वापराच्या पेटीत टाकायचा असतो."

"मग धुवा आणि उलगडा!"

राधिकानं मला छातीशी धरून भोकाड पसरलं. आजी जरा वेळ तशीच फुरंगटून बसली. मग नातीला जवळ ओढून म्हणाली, "रडू नको. तुझं बरोबर होतं. आता हे सांग, आजोबा अडुसष्टचे, मी त्रेसष्टची. म्हातारं कोण?"

पुन्हा काड्या. "जुड्या तर सारख्याच!" राधिका अडली. मग स्वतःच म्हणाली, "आता सुट्या बघू?" इकडे आठ, तिकडे तीन. माझा जबडा थेट आजोबांच्या टकलावर! आजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आजोबाही हसले, जरा कमी.

आजी-आजोबा परत निघाले तेव्हा राधिकानं आपण होऊन मला आजीच्या पिशवीत कोंबलं. आता मी साताऱ्याला फ्रिजवर असते. रंग उडालाय, जबडा नीट मिटत नाही. शेजारणी विचारतात, "हे काय हो?" आजी म्हणते, "नातीची मगर. मेली खोटं बोलत नाही."

तुम्हीही या. कुठलेही दोन आकडे आणा, मी तोंड उघडीन. फक्त आकडे कुणाचे आहेत, ते आधी बघून घ्या.