काचेमागचा चेहरा

बस वळणावर दिसली तसा तिने कॅमेरा डोळ्याला लावला, बसबरोबर कमरेतून वळली आणि बस निघून गेल्यावर कॅमेरा खाली घेतला. बटण दाबलंच नव्हतं.

रस्त्याच्या कडेला रांगेने उभ्या असलेल्या बाकीच्यांची बटणं टकाटक वाजत होती. शिकवणारे मास्तर एके काळी वर्तमानपत्रासाठी फोटो काढत हिंडलेले. आता गुडघे गेल्यामुळे घडीच्या खुर्चीत बसून सूचना देत. धावत्या गाडीचा फोटो घ्यायचा तर कॅमेराही तिच्याबरोबर धावला पाहिजे, मग गाडी स्वच्छ येते आणि मागचं जग फरफटत जातं, असं त्यांनी सकाळीच फळ्यावर काढून दाखवलं होतं. आता ते तिच्याकडे पाहून म्हणाले, "बाई, गाडी गेल्यावर तिची आठवण काढू नका. समोर असताना घ्या."

सगळे हसले. तीही हसली. हसायचं असतं तेव्हा हसायला ती चुकत नसे.

परगावच्या या आठवडाभराच्या वर्गाला ती लेकीने धाडलं म्हणून आली होती. ती स्वतः बस चालवायची, आपल्या गावात, बरीच वर्षं. हिवाळ्यातल्या एका सकाळी दोन उभ्या गाड्यांच्या मधून एक म्हातारा एकदम पुढे आला आणि तिच्या बसखाली गेला. चौकशी झाली. वेग बेताचा होता, ब्रेक वेळेवर लागला होता, तिच्याकडे बोट दाखवावं असं कुणालाच काही सापडलं नाही. डेपोचे साहेब म्हणाले, तुमची चूक नव्हती. नवरा म्हणाला, सासूबाई म्हणाल्या. म्हाताऱ्याचा जावईसुद्धा एकदा दारात येऊन, आत न येता, तेवढंच सांगून गेला. ती मान हलवायची. ती रडली असती तर घरच्यांना बरं वाटलं असतं. पण आत सगळं भूल दिल्यासारखं होतं. दात काढून आल्यावर आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं.

साहेबांनी रजा वाढवून दिली. ती भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची, आणि घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायची. लेकीने ते चारदा पाहिलं, आणि न विचारता तिचं नाव या वर्गात घालून स्वतःचा कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला. नवरा म्हणाला, मी सोबत येतो. ती नको म्हणाली. त्यात हट्ट नव्हता. सोबत कुणी असलं की आपण बऱ्या आहोत असं दाखवावं लागे, आणि तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

बाकीच्यांना मात्र हा आठवडा मानवला होता. दवाखाना मुलाच्या हाती सोपवून आलेले एक दातांचे डॉक्टर होते. जन्मभर लोकांना आ करा म्हटलं, आता हसा म्हणायला शिकतोय, असं ते जेवताना रोज नव्या माणसाला सांगत. एक नर्स पहाटेचा उजेड गाठायला सगळ्यांच्या आधी उठे आणि नाश्त्याला येई ती डोळे चमकवतच. मास्तर एका साध्या दारावर पडलेल्या उन्हाबद्दल बोलायला लागले की वर्ग चिडीचूप होई. तिलाही सगळं कळे, ते ती लिहूनही घेई. पण पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या दिवशी ओळख करून देताना ती म्हणाली होती, मी घरीच असते. ते खोटंही नव्हतं.

पुढची बस आली. ती वळली, आणि या वेळी बटण दाबलं गेलं.

"बाई, मागे," मास्तरांचा आवाज आला. "मागे या आधी."

ती मागे आली. आपण पुढे कधी सरकलो, ते तिला आठवेना.

दुपारी वर्गाच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो मोठे करून दाखवले. बरेचसे नुसतेच रंगांचे फराटे होते, आणि त्यावर हसणंही झालं. मग तिचा आला. दुकानं, झाडं, माणसं सगळी ओढल्यासारखी आडवी झालेली, आणि त्यात बसची पुढची काच स्वच्छ. काचेमागे ड्रायव्हर. त्याच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती.

मास्तर खुर्चीतून पुढे वाकले. मग म्हणाले, असा फोटो मला वर्षातून एखादा मिळायचा. नर्सने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, हा तर थेट आपल्याकडेच बघतोय.

ती भिंतीकडे पाहत होती. आयुष्यातली इतकी वर्षं ती त्या काचेच्या आत बसली होती. तो चेहरा बाहेरून कसा दिसतो, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याने पाहिलं असेल. मांडीवर सुटे पडलेले हात तिने एकमेकांत घट्ट धरले आणि मास्तरांना विचारलं, हा कागदावर काढून मिळेल का.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्या बसच्या शेवटच्या थांब्यावर गेली. फोटो दाखवून विचारल्यावर तिथल्या माणसाने बोटाने दाखवलं. ड्रायव्हर सिमेंटच्या बाकावर बसून थर्मासच्या झाकणातून चहा पीत होता. तिने फोटो पुढे केला. शिकण्यासाठी काढला होता, तुम्हाला द्यावा असं वाटलं, म्हणाली.

त्याने हात पँटला पुसून तो घेतला.

"मी असा दिसतो होय? घरी म्हणतात, गाडीवर बसलो की माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. खरंच आहे म्हणजे." तो हसला. मग फोटो जरा लांब धरून पुन्हा पाहू लागला. "म्हणजे त्या तुम्ही होतात. ताई, इथे मी तुमच्याकडे बघतोय."

"कॅमेरा होता म्हणून?"

"कॅमेऱ्याचं नाही. तुम्ही पाऊल पुढे टाकणार असं वाटलं मला. पाय ब्रेकवर गेला होता माझा."

तिने विचारलं, ते कसं कळलं.

"कळतं. का ते नाही सांगता येत." झाकणात उरलेला चहा त्याने बाजूच्या मातीत ओतला. "दहा वेळा कळतं. एखाद्या वेळी नाही कळत."

पलीकडे एक रिकामी बस नुसतीच चालू ठेवलेली होती. तिची थरथर पायाखालच्या फरशीतून येत होती. ती थरथर तिला जाणवत होती.

"मी पण बस चालवते," ती म्हणाली. "हिवाळ्यात एक आजोबा आले माझ्या गाडीखाली. मला नाही कळलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कसं झालं, कुठे झालं, असंही विचारलं नाही. बाकावर ठेवलेली आपली पिशवी त्याने उचलून खाली ठेवली, आणि तो एका कडेला सरकला.

ती बसली.