चार नंबरच्या खोलीतलं दुखणं

माझा धंदा रडण्याचा. तसं मी निम्मं आयुष्य लोकांचे केस कापण्यात घालवलं, पण गुडघे कुरकुरायला लागले तसं पार्लर भाचीच्या गळ्यात मारलं आणि इथल्या मेडिकल कॉलेजात खोटी पेशंट म्हणून चिकटले. विद्यार्थ्यांपुढे पोटात दुखतंय म्हणून कण्हायचं, त्यांनी तपासायचं आणि शिकायचं. चर्चच्या नाटकांत फुकट सोंगं करायचे, इथे त्याच सोंगाचे पैसे मिळतात. शिवाय नवरा गेल्यापासून घरात कुणी माझी विचारपूस करत नाही. इथली पोरं निदान विचारतात, काय होतंय.

पण फेब्रुवारीत येतात ती पोरं वेगळी. ती अजून शाळेतच असतात. आमच्या कॉलेजात मूठभर जागा अशा आहेत की मुलाला शाळेतून उचललं की थेट डॉक्टर करूनच बाहेर सोडायचं. मधे पुन्हा अर्ज नाही, पुन्हा प्रवेश परीक्षा नाही. त्या जागांसाठी कुठून कुठून पोरं येतात, आणि पोरांमागे आईबाप. आईबापांना खाली कॅफेटेरियात बसवतात. ते कॉफीचे कप हातात घेतात आणि पीत नाहीत. वर पोरं टाय आवळून रांगेत उभी राहतात, रंग उडालेल्या चेहऱ्यांनी. दर वर्षी मला त्यांची दया येते आणि दर वर्षी मी त्यांना रडून भंडावते.

प्रत्येक दाराआड एक प्रसंग असतो. बेल वाजली की पोर आत, पुन्हा वाजली की बाहेर आणि पुढच्या दारापाशी. माझी खोली चार नंबरची. दारावर लिहिलेलं होतं की शेजारणीने गावाला जाताना तिचा कुत्रा तुमच्यावर सोपवला होता, तो तुमच्या हातून हरवला, आता ती परत आली आहे, तिला सांगा. शेजारीण म्हणजे मी. बातमी ऐकून मी छाती पिटायची, कुत्र्याच्या नावाने मफिन, मफिन करून टाहो फोडायचा. पोर डगमगतं का, ते बघायचं. मार्क देणारे डॉक्टर लिंडक्विस्ट पलीकडच्या खोलीत पडद्यावर बघत बसतात. कॅमेरा पोरांच्या तोंडावर असतो, माझी त्यात फक्त पाठ दिसते.

नियम दोनच. मी सोंग सोडायचं नाही, कारण सगळ्यांना सारखंच रडणं मिळालं पाहिजे. आणि बेलच्या आधी पोराने खोली सोडायची नाही. सोडली तर त्या खोलीचे मार्क गेले, आणि इतक्या चढाओढीत एका खोलीचे गेले म्हणजे सगळंच गेलं. पोरांना हे पाठ असतं. क्लासवाले त्यांना घोकवून पाठवतात की ती बाई वाट्टेल ते करील, तुम्ही खुर्चीला चिकटून राहा.

त्या दिवशी पहिला आला एव्हरेट नावाचा उंच मुलगा. त्याने कुत्रा हरवल्याचं सांगितलं, मी टाहो फोडला, आणि रडता रडता माझा जबडा दुखायला लागला. दाढ दुखते तसा, पण दोन्हीकडून. मला वाटलं, रडणं जरा जास्तच झालं. सकाळी कोबी भरलेल्या पिएरोग्या, म्हणजे आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या, हाणल्या होत्या, त्याही वर येत होत्या. एव्हरेटने मला रुमाल दिला, कुत्रा शोधायला पत्रकं लावू म्हणाला आणि बेल वाजल्यावर दार हळू लोटून गेला. गुणी पोरगा.

दुसरी आली सोजिन. तोवर माझ्या पाठीत, खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी मूठ रोवून ठेवली होती. अंगाला घाम. मी तिला शेजारणीच्याच आवाजात म्हटलं, "मला बरं वाटत नाहीये गं."

"असं वाटणं अगदी साहजिक आहे," ती मऊ आवाजात म्हणाली. "मफिन तुमचं सर्वस्व होता."

तिने खुर्ची जवळ ओढली, मान तिरकी केली आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. क्लासमध्ये हेच शिकवत असणार. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई, कुत्रा गेला खड्ड्यात.

ती गेल्यावर मी उठायला बघितलं. दार चार पावलांवर होतं. खोली एका बाजूला कलली तशी मी पुन्हा खुर्चीत बसले. डावा हात दुसऱ्या कुणाचातरी असावा तसा मांडीवर पडून होता. फोन खाली कपाटात कुलपात, तोही नियमच. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. साधीसुधी नाही. लहानपणी मी तळ्यावरच्या पातळ बर्फावर गेले होते आणि पायाखाली कर्रकन आवाज झाला होता, तेव्हाची.

बेल वाजली आणि ह्यूगो आला. रुबाबदार पोरगा, बुटांना पॉलिश. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "पोरा, नाटक थांबलं. माझं नाव बर्नाडीन. मला खरंच काहीतरी होतंय. जा, कुणाला तरी बोलाव."

तो एक क्षण थबकला. मग त्याच्या तोंडावर हसू आलं. सावध, शहाणं हसू. त्याने कॅमेऱ्याकडे ओझरतं पाहिलं.

"बर्नाडीन मॅडम, मी कुठेही जाणार नाही," तो म्हणाला. "तुम्हाला हवं तितका वेळ मी इथे बसतो."

"अरे बसू नको, जा. दार उघड."

"तुम्ही चिडला आहात, आणि ते रास्तच आहे. मफिनच्या बाबतीत चूक माझी आहे."

मी त्याला शिवी दिली. चर्चमध्ये जाणाऱ्या बाईला शोभणार नाही अशी. त्याने तीही समजुतीने ऐकून घेतली. मला ओरडायचं होतं, पण ओरडायला छातीत हवा लागते, ती माझ्याकडे नव्हती. भिंतीपलीकडे लिंडक्विस्ट सगळं ऐकत होते. मी भिंतीकडे बघून म्हटलं, "डॉक्टर, अहो, हे खरं आहे." नंतर त्यांनी मला सांगितलं की त्यांना वाटलं, बाईने आज कामात जीव ओतलाय. जीव ओतलाच होता मी.

ह्यूगो बसून राहिला, डगमगला नाही. बेल झाल्यावर उठला, आभार मानले आणि दार ओढून घेतलं. अंगात जीव असता तर मी रडले असते, पण खरं रडायला तेव्हा जमेना. सारा जन्म सोंगं केली, आता मरताना कुणी विश्वास ठेवणार नाही, एवढंच डोक्यात होतं. डॉक्टरांनी गच्च भरलेल्या इमारतीत मी कुत्र्याच्या दुःखाने मरणार होते.

मग नादीन आली. हद्दाद नावाच्या लेबनीज बेकरीवाल्यांची ही मुलगी. बेकरी मला ठाऊक होती, पोरगी नव्हती. अंगावरचा कोट बहुधा आईचा, बाह्या बोटांपर्यंत. तिने सुरुवात केली, "मला तुम्हाला एक वाईट बातमी..." आणि थांबली. माझ्याने आता बोलवत नव्हतं. मी नुसती तिच्याकडे बघत होते.

"तुम्ही नाटक करताय ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली. ती कशी हलली कोण जाणे.

"म्हणजे नाही? की हो?" ती जवळ आली. तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. "किती गार आहात तुम्ही. असा घाम मुद्दाम काढता येतो का? येत असेल. तुम्ही रोज करता हे, तुम्हाला येत असेल." तिला रडू फुटलं. "मला कळत नाहीये. खरंच कळत नाहीये. मी बाहेर गेले आणि हे नाटक निघालं तर संपलं माझं. आई खाली बसलीये. चार वर्षं झाली, आम्ही दुसरं काही बोललोच नाही घरात."

ती दाराशी गेली. परत आली. पुन्हा गेली. देवा, त्या पोरीच्या येरझारा मी कशा सोसल्या. मला तिच्या पायाला धरून बाहेर लोटायचं होतं आणि माझं बोटसुद्धा हलत नव्हतं. मग तिने दार उघडलं आणि जिथे कुजबुजसुद्धा चालत नाही त्या कॉरिडॉरमध्ये गळा काढून ओरडली, "कुणीतरी या. मला कळत नाहीये, ती नाटक करतेय की मरतेय. कुणीतरी येऊन बघा."

माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत गाठ होती, ती काढली आणि आत जाळी बसवली. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून इथले इस्पितळातले डॉक्टर वाक्य अर्धं सोडून देतात.

दोन दिवसांनी डॉक्टर लिंडक्विस्ट ट्यूलिप घेऊन आले. भला माणूस, पण डोळ्याला डोळा भिडवेना. पहिल्या तिघांना माझ्या खोलीत उत्तम मार्क पडले होते, ते आता रद्द केलेत म्हणाले.

"आणि त्या पोरीचं काय?" मी विचारलं.

"समितीत दोन मतं आहेत. कळत नाहीये म्हणून ती ओरडली खरी, पण कपाळाला हात लावून बघितलंही तिनेच. तिने तुमचं दुखणं ओळखलं असेल तर अशी मुलगी आम्हाला हवीच. पण नुसती घाबरून पळाली असेल, तर काय, घाबरतं तर कुणीही. तिच्या बाकीच्या खोल्याही त्यानंतर बिघडल्या. ती येतेय आत्ता तुम्हाला भेटायला. म्हटलं, इथेच विचारू."

माझ्या छातीत धडधडायला लागलं, आणि वरच्या यंत्राने ते सगळ्यांना दाखवून दिलं. मी जागची उठून कॉरिडॉरमध्ये त्या पोरीला गाठू शकत नव्हते. तिला काय सांगितलं असतं तेही मला ठाऊक नव्हतं. खरं बोल, की जागा घे?

नादीन आली, मागोमाग तिची आई सामिया, हातात गरम भाकऱ्यांची पिशवी, वर भुरभुरलेल्या झातार मसाल्याचा वास खोलीभर. लिंडक्विस्टनी विचारलं, अगदी प्रेमाने. "नादीन, तू खोली सोडलीस. नियम मोडणार हे माहीत असून. ते का?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात सामिया म्हणाली, "सांग ना गं. घरी मला सांगितलंस तसं. घाम बघितलास, हात गार लागला, आणि तू ओळखलंस."

माझ्यासाठी ओरडलेली ती पोर माझ्यासमोर उभी होती आणि तिची सगळी चार वर्षं त्या एका उत्तरावर लटकली होती.

"हो," नादीन म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "हो. घामावरून मी ओळखलं, की हार्ट अटॅक आहे."

लिंडक्विस्टचा चेहरा खुलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असंच ना, मिसेस वोझ्नियाक?"

"असंच," मी म्हटलं. न म्हणून कशी राहीन? जीव वाचवला होता तिने माझा.

त्यांनी तिचा हात हातात घेऊन हलवला, समितीला कळवतो म्हणाले, काळजी करू नकोस म्हणाले. सामियाने तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा स्कार्फ कोंबला आणि त्यांच्या मागे बाहेर गेली, आभार मानत, रडत. जागा मिळाली होती. शेंबडं पोरही ते सांगू शकलं असतं.

नादीन माझ्या खाटेशी उरली. मला वाटलं, आता रडेल, आता म्हणेल की मला तेव्हा काही कळलं नव्हतं. तिने खुर्ची जवळ ओढली, मान किंचित तिरकी केली.

"तुम्ही अगदी ठणठणीत होणार आहात," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

ती हसली, ह्यूगोचंच ते सावध, शहाणं हसू, आणि मी चाचपडत नर्सला बोलवायचं बटण शोधायला लागले.