पहिला चमचा

"वहिनी, दूध करपलं!" मी परसातल्या खुर्चीवरून ओरडलो.

वहिनी शेगडीपासून दोन हातांवर पुदिना निवडत बसल्या होत्या. करपल्याचा वास भिंत ओलांडून माझ्यापर्यंत आला, आणि शेजारी बसलेल्या बाईला पत्ताच नाही! माझ्या ओरडण्याने त्या दचकल्या, धडपडत उठल्या आणि पदराने पातेलं खाली उतरवलं.

"अगं बाई, लक्षच नव्हतं हो भाऊजी."

"लक्ष राहील कसं? अख्ख्या गल्लीच्या खोकल्याचा मक्ता घेतलाय तुम्ही. दुधाचं काय, दूध काय खोकत नाही."

एरवी अशा बोलण्याला वहिनींकडून सव्याज परतफेड व्हायची. त्या दिवशी ती झाली नाही. पातेल्यात वाकून बघितलं, पदर नाकाशी नेला, आणि पुन्हा पुदिन्याकडे वळल्या. मी पेपरात डोकं घातलं. बघायला हवं ते न बघणं, ही माझी जुनी खोड.

मी कंपाउंडर. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे चौतीस वर्षं उभा राहिलो. "दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर" हे वाक्य मी झोपेतही बोलायचो, असं आमची ही सांगायची. ती गेली, मी निवृत्त झालो, पाठोपाठ दादाही गेला. आता या घरात मी आणि वहिनी, वर मी, खाली त्या. जेवण एकत्र आणि भांडणही एकत्र.

भांडणाचा विषय ठरलेला, त्यांची बाग. घरामागे दोन खोल्यांएवढी पट्टी. तिच्यात पुदिना, गवती चहा, पानओवा, कोरफड, आलं, झेंडू, कडेला बडीशेप. कुणाला खोकला झाला, कुणाचं पोट बिघडलं, कुणाच्या टाचा फुटल्या, की वहिनींच्या दारात हजर. ताप असेल, धाप लागत असेल तर मात्र त्या उंबऱ्यातूनच परत पाठवत. "हे माझ्या पाल्याचं काम नाही, दवाखान्यात जा," असं सरळ सांगत.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली. दव वाळल्यावर बागेत जायचं. एकेका देठाचं एक पान चुरडायचं, नाकाशी न्यायचं, मगच तो देठ परडीत. घरात आणून धुवायचं, फडक्यावर सावलीत सुकवायचं, मंद आचेवर उकळायचं, गाळायचं, मध घालायचा, उकळून घेतलेल्या बाटलीत भरायचं. आणि बाटलीच्या मानेला पांढरा दोरा बांधायचा.

"हा दोरा कशाला? बाटलीला थंडी वाजते का?" मी विचारायचो.

"दोरा आहे तोवर बाटली घराबाहेर जात नाही. पहिला चमचा करणारीचा. दिवसभरात मला काही झालं नाही, की दोरा सोडायचा."

"म्हणजे मध चाटायला निमित्त हवं, असं म्हणा की."

दर थंडीत माझ्यासाठीही एक बाटली वर यायची. आणि दर थंडीत ती मी मोरीत ओतायचो. शिक्क्याची, लेबलाची औषधं वाटण्यात हयात घालवलेला माणूस मी. परसातला पाला पिणार? रिकामी बाटली विसळून परत द्यायचो. "छान उतार पडला हो वहिनी," असंही वर तोंडभरून सांगायचो. लाज वाटायला हवी होती, पण वाटत नव्हती.

त्या दुधाच्या प्रकारानंतर आठवड्याने मला खोकला झाला. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाने एकदा संप पुकारून दाखवला होता, तेव्हापासून मी जरा खाकरलो तरी वहिनींचा चेहरा उतरायचा. संध्याकाळी खाली गेलो तर फळीवर बाटली तयार होती, मानेला दोरा.

"उद्या देते," त्या म्हणाल्या. "आत्ताच चमचा घेतलाय मी."

सकाळी चहाला उतरलो. शेगडी गार होती. वहिनी स्वयंपाकघरात कपाटाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, शेजारी बादली. मला बघून त्यांनी हात वर केला.

"भाऊजी, त्या बाटलीला हात लावू नका."

पाणी नाही मागितलं, डॉक्टर नाही मागितला. पहिलं वाक्य हे.

गाडी करून मी त्यांना माझ्याच जुन्या दवाखान्यात नेलं. बाटली आणि गाळणीतला चोथाही बरोबर घेतला. एवढी अक्कल चौतीस वर्षांनी दिली होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाईन लावलं. "चमचाभरच गेलंय म्हणून निभावलं. दोन दिवस इथेच राहू द्या," असं म्हणाल्या आणि मग माझ्या हृदयविकाराचा जुना केसपेपर चाळत त्यांनी विचारलं, "ही बाटली तुमच्यासाठी होती? दिवसातून तीन वेळा?"

मी मान डोलावली.

"मग त्यांचे आभार माना," एवढंच बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी बाकावर बसून चोथा बोटांनी उलगडला. त्यात दोन प्रकारची पानं होती. दोन्ही जाडसर, दोन्हींवर लव. एकाला पानओव्याचा तिखट वास, उकळूनही टिकलेला. दुसऱ्याला भिजलेल्या कागदासारखा, म्हणजे काहीच नाही. ते पान मी ओळखलं.

ते झाड माझं होतं. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेलं शोभेचं झाड. उन्हाळ्यात त्याची कुंडी फुटली, तेव्हा बागेत जिथे मोकळी जागा दिसली तिथे मी ते खोचून दिलं, नेमकं पानओव्याला चिकटून. वहिनींना सांगितलं नाही. सांगितलं तर त्या नाव विचारणार, आणि मला नाव माहीत नव्हतं. आयुष्यभर बिनलेबलाच्या बाटलीला हात न लावणारा मी, बिनलेबलाचं झाड त्यांच्या बागेत लावून मोकळा झालो.

दुपारी त्यांनी डोळे उघडले. मी सगळं सांगून टाकलं. झाड सांगितलं, आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर मोरीही सांगितली.

वहिनी छताकडे बघत होत्या. "मोरीचं मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मोरीच्या पाण्यावरचा पुदिना कमरेएवढा का वाढतो, एवढं कळत नाही होय मला?"

"मग करत कशाला होतात?"

"एखाद्या वर्षी घ्याल म्हणून." जरा थांबून त्या म्हणाल्या, "झाडाचा दोष नाही भाऊजी. शंभर झाडं खोचली असतीत तरी मी एका वासात बाजूला काढली असती. माझं नाक गेलंय."

"म्हणजे?"

"गेल्या थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. कशाचाच वास येत नाही. पान चुरडते, नाकाशी नेते, सवय आहे म्हणून. बोटांच्या अंदाजाने चालवत होते. दूध करपलं तेव्हा तुम्ही ओरडलात, म्हणून कळलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "सांगणार कुणाला? म्हातारी झाली म्हणाला असतात आणि बाग काढून टाकली असतीत. आता तर काढायलाच हवी. ती बाटली दुसऱ्या कुणाला दिली असती तर?"

"दिली नसतीत. दोरा होता."

"हो, दोरा होता." त्या किंचित हसल्या. "तो तुमचाच की."

"माझा?"

"विसरलात ना? मी नवी नवरी होते. तुम्ही सोळा वर्षांचे, आईवडील नुकतेच गेलेले, छातीत घरघर. मी काढा करून आणला तर तोंड फिरवून म्हणालात, 'आधी तुम्ही प्या. मला काय माहीत यात काय घातलंय!' मी तुमच्यासमोर चमचा प्यायले. दिवसभर तुम्ही माझ्याकडे टक लावून बघत होतात, मी मरते की काय म्हणून. संध्याकाळी म्हणालात, 'आता द्या.' तेव्हापासून पहिला चमचा माझा."

मी खाटेचा गज धरून बसलो. पन्नास वर्षं ज्या दोऱ्याची टिंगल केली, तो माझ्याच उद्धटपणातून निघाला होता. आणि त्याच दोऱ्यापायी माझ्या वाटचं विष त्यांनी आपल्यावर घेतलं होतं. मी हमसून रडत होतो, आणि सलाईन लावलेली बाई मलाच "अहो, लोक बघतायत" म्हणत होती.

पुतणी धावत आली. वहिनींची एकुलती एक लेक, तीन तासांवर राहते. तिचं म्हणणं सरळ होतं. "आई, पुरे झालं हे. माझ्याकडे चल. मागे फरशी घालून टाकू. काका, तुम्हीही चला."

"बरोबर आहे तिचं," वहिनी म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की मला धस्स झालं. पुढच्या रविवारी न्यायला येते, असं सांगून पुतणी गेली.

घरी आल्यावर वहिनींनी मागचं दार उघडलंच नाही. परडी उलटी टांगली, बाटल्या खोक्यात भरल्या. मी ते शोभेचं झाड मुळासकट उपटून कचऱ्यात टाकलं, तेही त्यांनी बघितलं नाही. दिवसभर त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या. पन्नास वर्षांत मी त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं बघितलं नव्हतं. फरशी घाला, नका घालू, ही बाई आतून वाळायला लागली होती आणि मला ते उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

गुरुवारी शेजारच्या दर्जीणबाई आल्या. गल्लीला सगळं कळलं होतं. वहिनी ओशाळून म्हणाल्या, "बाई, तुमच्या खोकल्याचं आता दुसरीकडे बघा."

"खोकल्याला नाही आले मी," दर्जीणबाई म्हणाल्या आणि पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याचं नवंकोरं रीळ काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "इतकी वर्षं आम्ही निर्धास्त प्यायलो, ते का हे आत्ता कळलं. दोरा संपला असेल तुमचा, म्हटलं."

त्या गेल्यावर वहिनी कितीतरी वेळ रीळ हातात फिरवत राहिल्या.

शुक्रवारी दव वाळल्यावर मी परडी खाली काढली, मागचं दार उघडलं, एक पान तोडलं, चुरडलं आणि त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"वहिनी, हे कसलं?"

"मला कुठे वास येतोय? चेष्टा करताय?"

"मला येतोय ना. मी सांगतो, तुम्ही ओळखा. तिखट आहे. नाकात चढतो. आमच्या दवाखान्यातल्या छातीच्या मलमासारखा."

त्यांनी मान वळवली. मग न राहवून म्हणाल्या, "आणि मागाहून?"

मी पुन्हा हुंगलं. "मागाहून जरा ओल्या मातीचा."

"पानओवा. पण जून पान आणलंय. शेंड्याचं आणा."

मी शेंड्याचं आणलं. मग गवती चहा, मग पुदिना. वास सांगताना माझी त्रेधा उडायची. आयुष्यभर नुसतं "बरा वास" आणि "घाण वास" एवढ्यावर भागवलेला माणूस मी. बडीशेपेला मी "गोड" म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "गोड तर साखरही असते. नीट सांगा." चौथ्या पानाला त्या उठून दारात आल्या. सातव्याला पायरी उतरल्या. दहाव्याला माझ्या हातावर चापट मारून म्हणाल्या, "अहो, मुळासकट काय उपटताय? उंट शिरलाय का बागेत!"

ती चापट मला किती गोड लागली म्हणून सांगू!

रविवारी पुतणी आली तेव्हा आम्ही दोघं वाफ्यापाशी होतो. वहिनी पान चुरडून आधी सवयीने स्वतःच्या नाकाशी न्यायच्या, क्षणभर तिथे धरायच्या, आणि मग माझ्यापुढे करायच्या. पुतणी दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

"काका, तुम्हाला तरी कळतंय का काही?"

"निम्मं मला कळतं, निम्मं तुझ्या आईला. दोघांत मिळून एक माणूस होतो."

ती हसली नाही. आत गेली, आणलेली रिकामी बॅग तशीच गाडीत ठेवून आली आणि म्हणाली, "दर रविवारी फोन करीन. बागेत नवीन झाड लावायचं नाही. काका, तुम्हाला सांगतेय."

दुपारी काढा झाला. पुदिना, गवती चहा आणि आलं, एवढंच. एकेक पान मी हुंगलेलं, एकेक पान त्यांनी बोटांनी चाचपलेलं. गाळून बाटली भरली. वहिनींचा हात सवयीने चमच्याकडे गेला. मी चमचा आधीच उचलला होता.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या. "तुमचं हृदय…"

"म्हणूनच नीट हुंगलंय. पहिला चमचा करणाऱ्याचा."

"मोरीत नाही ना ओतणार?"

मी त्यांच्यासमोर प्यायलो. कडवट, तुरट, घसा चरचरवणारा. मध इतका थोडा, की शोधावा लागत होता. पन्नास वर्षं मी म्हणत आलो होतो, मध चाटायला निमित्त.

"कसा लागतोय?" त्यांनी विचारलं. "मला चवही निम्मीच कळते आता."

"छान झालाय वहिनी," मी म्हणालो, आणि या वेळी ते खरं होतं.

त्यांनी रिळाचा दोरा तोडला, बाटलीच्या मानेला दोन वेढे देऊन गाठ मारली आणि बाटली फळीवर ठेवली. मग पाट ओढून माझ्यासमोर बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.