मागच्या सीटवरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. रंगाने पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी. सौसरला वसंतराव नावाच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या अंगणात, कडुनिंबाखाली माझा मुक्काम असतो. आजवर मी काय काय वाहिलं नाही! संत्री वाहिली, कापूस वाहिला, नवरदेव वाहिले, एकदा तर म्हशीचं पारडूसुद्धा वाहिलं, आणि त्याने माझ्या दाराचं रबर खाल्लं ते अजून तसंच आहे. सगळं पाहिलं, सगळं ऐकलं, पण बोलायची सोय मला कुणी केली नाही. एक हॉर्न दिला, तोही दुसऱ्याच्या हाताने वाजणारा.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी बहिणी रांगेत उभ्या होत्या. कोण कुणाच्या घरी जाणार, काही ठाऊक नव्हतं. मी सौसरला आले. वसंतरावांच्या बायकोने, नलिनीबाईंनी, माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, कपाळी कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मला ओवाळलं. वसंतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, गाडी लय भरोशाची आहे. खरं सांगते, तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

आता मागच्या सीटची गोष्ट ऐका. मला येऊन वर्ष झालं होतं. दिवस संत्रं उतरायचे होते, कापूस वेचणीला आला होता. नलिनीबाईंचे दिवस भरत आले होते आणि त्यांना नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. सकाळीच कळा सुरू झाल्या. पण वसंतरावांच्या डोक्यात आलं, नागपूरला जातोच आहोत, तर बाजारात माल टाकून देऊ, एकाच फेरीत दोन्ही कामं होतील. मित्रांनो, आमच्याकडच्या माणसाला गाडी रिकामी न्यायची म्हणजे जिवावर येतं. तासभर ते पेट्या भरत राहिले. नलिनीबाई मागच्या सीटवर बसल्या, पायाशी पेट्या, शेजारी पेट्या, पाय लांब करायला जागा नाही. मी उभी राहून पाहत होते. इंजिन बंद, मी काय करणार?

बोरगाव मागे पडलं आणि नलिनीबाई ओरडल्या. वसंतरावांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं. बाजूच्या शेतात अंबाबाई नावाची बाई कापूस वेचत होती. ती ओटीत कापूस घेऊन तशीच धावत आली. तिने आधी पेट्या बाहेर फेकायला लावल्या. दोन फुटल्या, संत्री रस्त्यावर घरंगळली, काही माझ्या आत चेंगरली. अर्ध्या तासाने माझ्या मागच्या सीटवर मुलगी झाली. अंबाबाईने ओटीतल्या ताज्या कापसाने तिला पुसलं आणि आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्यात गुंडाळलं. वसंतराव माझ्या बॉनेटवर डोकं टेकून रडत होते. त्यांचे अश्रू माझ्या पत्र्यावर पडले, ते मला अजून आठवतात.

मायलेकी सुखरूप दवाखान्यात पोचल्या. मुलीचं नाव गायत्री ठेवलं. घरी मात्र वसंतरावांनी सगळ्यांना सांगितलं की पोरगी दवाखान्यात झाली. बायकोच्या कळा चालू असताना पेट्या भरत बसला, असं गाव म्हणेल, याची त्यांना भारी लाज होती. सीटवरच्या डागाचं कुणी विचारलंच तर म्हणायचे, संत्री चेंगरली होती. नलिनीबाईंनी नवऱ्याची लाज झाकली. पण एक अट घातली. ती सीट बदलायची नाही आणि तो डाग धुवायचा नाही. वर कव्हर चढवलं. दर दसऱ्याला माझी पूजा झाली, नारळ फुटला, की त्या मागचं दार उघडायच्या, कव्हर उचलून त्या डागावर हळदकुंकवाचं बोट लावायच्या आणि क्षणभर तळहात तिथेच ठेवायच्या. गायत्रीला वाटायचं, हाही पूजेचाच भाग असेल.

वर्षं गेली. वसंतरावांनी मालासाठी मोठी गाडी घेतली आणि मी कडुनिंबाखाली पडून राहिले. टपावर कावळ्यांनी घाण केली, आत उंदरांनी संसार थाटला. कुणी विचारेना. फक्त दसऱ्याला तो तळहात यायचा, त्याची मी वर्षभर वाट पाहायची.

आणि गेल्या महिन्यात गायत्रीला माझी दया आली. पोरगी आता शाळेत शिकवते. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. तिने मोबाइलवर घरी येऊन गाडी आतूनबाहेरून साफ करून देणारा माणूस शोधला, पांढुर्ण्याचा प्रफुल्ल. त्याने फोनवरच सगळं समजावून सांगितलं. गाडी सावलीत ठेवा, लाइटचा पॉइंट जवळ पाहिजे, आतलं सामान आधीच काढून घ्या, चार तास लागतील आणि सीट सुकेपर्यंत कुणी बसायचं नाही. पाणी माझंच आणतो म्हणाला, बोअरच्या पाण्याने पत्र्यावर पांढरे ठिपके राहतात. ऐकून मलाही बरं वाटलं. म्हातारपणी कुणी अंग चोळून देणार म्हटल्यावर कुणाला नको?

दिवस नेमका असा निवडला, की आई मोहगावला भावाकडे गेली होती आणि बाबा पांढुर्ण्याला एका साखरपुड्याला. गायत्रीला दोघांना चकित करायचं होतं. प्रफुल्ल आला, त्याने आधी माझे चारी बाजूंनी फोटो काढले, जुने पोचे, जुने ओरखडे, सगळे गायत्रीला दाखवून ठेवले, म्हणजे मागून तक्रार नको. मग बॅटरीची तार काढली. बाकीची सगळी साफसफाई उरकून शेवटी मागच्या सीटचं कव्हर उचललं आणि तो थांबला.

"ताई, हा डाग कशाचा आहे?"

"संत्र्याचा. मी लहानपणापासून ऐकून राहिली."

"संत्र्याचा नाही वाटत मले. कशाचा आहे त्यावर औषध ठरते, ताई. घरी एकदा विचारून घ्या."

शहाणा पोरगा, मित्रांनो. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी नीट पाहिलं होतं. आईला विचारलं तर सगळीच गंमत जाईल, निदान तिच्यासाठी तरी ती राहावी, म्हणून गायत्रीने बाबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. मागे माणसांचा गलबला, हसणं, वाट्याचमच्यांचा आवाज. ती म्हणाली, बाबा, घरातला एक जुना डाग काढून राहिलो, व्हॅनच्या मागच्या सीटवरचा, तो संत्र्याचाच आहे ना? पलीकडे वसंतराव थांबले. कुणीतरी विचारलं, काय झालं वसंतराव? आणि बावीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बोलली.

"संत्र्याचाच आहे. काढून टाक."

फोन बंद झाला. गायत्रीने तो माझ्या डॅशबोर्डवर ठेवला. प्रफुल्लने औषध फवारलं, ब्रश घेतला, धूळ आणि पाणी ओढणारं मशीन सुरू केलं. त्याचा आवाज एवढा मोठा की कडुनिंबावरचे कावळे उडाले. दोन मिनिटं झाली नसतील, डॅशबोर्डवरचा फोन थरथरायला लागला. वसंतरावांचा फोन. एकदा, दोनदा, सात वेळा. ती थरथर माझ्या सगळ्या पत्र्यात भरली. मशीनपुढे कुणाला ऐकू जाणार? मला हॉर्न वाजवायचा होता हो! एकदाच, आपल्याआपण, जन्मात एकदाच. पण बॅटरीची तार काढलेली होती. मी चार चाकांवर उभी राहिले आणि माझ्या अंगातून तो डाग तपकिरी पाणी होऊन नळीतून निघून जाताना पाहत राहिले.

वसंतराव पंगतीतून उठून मोटरसायकलवर आले तेव्हा प्रफुल्ल सामान आवरून गेला होता. मी लखलखत होते. त्यांनी मागचं दार उघडलं, ओल्या सीटवर हात फिरवला आणि दाराशीच खाली बसले. गायत्री विचारत राहिली, बाबा, आवडलं नाही का?

थोड्या वेळाने ऑटो थांबला. नलिनीबाई उतरल्या, माझ्याकडे पाहून हसल्या आणि दसऱ्याच्या सवयीने मागच्या दाराकडे आल्या. तळहात टेकवला. मग उचलला, पुन्हा दुसरीकडे टेकवला, जणू डाग थोडा सरकला असेल. मित्रांनो, त्या हाताला माझ्यात ती जागा सापडेना.

"मीच सांगतलं तिले," वसंतराव खालूनच म्हणाले. "चार माणसं बसली होती."

नलिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीचा हात धरून तो सीटवर ठेवला.

"इथंच झाली तू, बाई. दवाखान्यात नाही. इथं."

आणि मग बोरगावपासून अंबाबाईच्या कापसापर्यंत सगळं सांगितलं. गायत्रीने मोबाइल काढला. प्रफुल्लने सीटचे 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो पाठवले होते. 'आधी'च्या फोटोवर तिने बोटांनी डाग मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटी पडद्यावर नुसता तपकिरी रंग उरला. मग फोन ठेवून ती आत आली आणि त्या ओल्या सीटवर कुशीवर निजली. पाय पोटाशी घेतले तरी मावेना. नलिनीबाई बाहेर उभ्या राहून तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मी तिला धरून होते, मला एवढंच करता येतं.

मुलांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना जरूर धुवा, पुसा, आम्हालाही ते हवं असतं. पण डागाला हात लावण्याआधी तो कशाचा आहे ते विचारा, आणि ज्याने तो जपला त्यालाच विचारा. आणि तुम्ही मोठे झालात, तुम्हाला असं कुणी विचारलं, तर समोर चार माणसं बसली आहेत म्हणून संत्र्याचं नाव सांगू नका.