एकही प्रश्न नाही

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आर्तो हापाला फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला बसला. नोकरी मिळालेली नव्हती. ही सकाळपुरती चाचणी होती. कंपनी गोदामांतल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. त्यातला एक बिघाड जेवणाच्या सुट्टीपर्यंत शोधायचा, एवढंच काम.

आर्तो चोपन्न वर्षांचा. जुन्या कंपनीने त्याचा विभाग बंद केल्याला दीड वर्ष होत आलं होतं आणि बेकारी भत्ता मार्चमध्ये संपणार होता. नोकरीच्या कित्येक अर्जांनंतर आलेलं हे दुसरंच बोलावणं. तेही एका कारणामुळे. प्रोग्रामर जिथे आपल्या अडचणी मांडतात आणि अनोळखी माणसं उत्तरं देतात, अशा इंटरनेटवरच्या एका मंचावर आर्तोच्या नावापुढे वाचकांच्या मतांतून जमलेले सव्वा लाख गुण होते. ओउलूत एवढे गुण दुसऱ्या कोणाकडे नाहीत, हे त्याला माहीत होतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, ते माहीत नव्हतं.

अर्ध्या तासात तो अडला. गोदामातला स्कॅनर जो आकडा पाठवत होता, त्यातले शेवटचे दोन अंक कशाचे, हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो भाग शेजारच्या खुर्चीतल्या एरोने लिहिला होता. तसं सकाळीच सांगण्यात आलं होतं. आर्तोने कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एरो कॉफी आणायला उठला तेव्हा म्हणाला, "काही हवंय का?"

"नको. जमतंय."

अकरा वाजता सगळे जेवायला बसले. गुरुवार, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. बिघाड सापडला नव्हता.

"शेवटचे दोन अंक म्हणजे फळीचा नंबर," एरो म्हणाला. "एका वाक्याचं काम होतं. मी काय अस्वल आहे, चावलो असतो?"

"तू कामात होतास."

"अहो, मी मासे पकडायच्या गळांच्या किमती बघत होतो!"

कंपनीची मालकीण रीक्का सुपात मोहरीची पेस्ट ढवळत होती. ती हसली नाही.

"तुमचे गुण बघूनच मी तुम्हाला बोलावलं," ती म्हणाली. "कॉलेजात असताना मंचावरचं तुमचं ते तारखांच्या कोडचं उत्तर मी जसंच्या तसं उचललं होतं."

"सगळ्यांनीच उचललं. चार ओळी आहेत. बस येईपर्यंत लिहिल्या होत्या. निम्मे गुण त्या चार ओळींचे."

"आणि मेहनतीचं उत्तर?"

"एकासाठी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालवली. त्याला दोन मतं पडली."

"काल तुमचं पान पुन्हा पाहिलं मी. हजारो उत्तरं, प्रश्न एकही नाही. इतक्या वर्षांत कधी अडलाच नाहीत?"

"अडलो की."

"मग?"

"कशाला कोणाचा वेळ घ्यायचा."

एरोने पॅनकेकवर जॅम ओतला. "नवखा असताना मी एकदा विचारलं होतं तिथे. खाली तुम्हीच लिहिलंत, 'आधी काय करून पाहिलंत?' त्यानंतर तोंड उघडलं नाही मी तिथे."

"सगळ्यांनाच विचारायचो," आर्तो म्हणाला. "नियमच आहे तसा."

"आम्ही पाचच माणसं आहोत," रीक्का म्हणाली. "गोदाम बंद पडलं की ट्रक बाहेर उभे राहतात. तुम्हाला येतं, हे गुणांवरून कळलं. अडल्यावर तुम्ही बोलाल का, ते कशावरून कळावं?"

आर्तोने चमचा खाली ठेवला. 

"सोमवारी दुपारपर्यंत फोन करते," ती म्हणाली.

शनिवारी आर्तोने मंच उघडला आणि प्रश्न विचारायच्या बटणावर पहिल्यांदा बोट ठेवलं. त्याच्याकडे एक प्रश्न होता. उत्तरेला तळ्याकाठी वडिलांची केबिन आहे. ते गेल्यावर तिथे कोणी राहत नाही. आर्तोने तिथे एक तापमापक बसवला होता. तो दर तासाला आतलं तापमान पाठवायचा आणि आर्तो ते बघायचा. कडक थंडी पडली की तापमापक गप्प व्हायचा. तीन हिवाळे झाले, कारण सापडत नव्हतं.

त्याने सगळं नीट लिहिलं. मग इमारतीच्या सामायिक सॉनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, त्याची पाच वाजताची पाळी होती, तिथे जाऊन आला. केस ओले असतानाच प्रश्न पाठवून दिला.

तासाभरात एका अनोळखी माणसाने खाली लिहिलं: "आधी काय करून पाहिलंत?"

रविवारी आर्तो उत्तर लिहायला बसला. बॅटरी बदलली. वायर बदलली. तापमापकाची पेटी वडिलांच्या लोकरी मोज्यात गुंडाळून पाहिली. मजकूर लांबत गेला. मोज्याची ओळ त्याने खोडली, पुन्हा लिहिली. उत्तर पाठवलं नाही.

सोमवारी दुपारी चारपर्यंत रीक्काचा फोन आलेला नव्हता. कोणीतरी प्रश्नाला विरोधी मत दिलं होतं; त्यापुढे उणे एक गुण दिसत होता. केबिनमधलं शेवटचं तापमान शुक्रवारी पहाटेचं आहे: उणे तेवीस.